ऑनलाइन अभ्यासगट करून रशियन शिकता येते का? सात जणांत तिघंच उरलो आहोत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात जणांनी मिळून ऑनलाइन रशियन शिकायला घेतली, अक्षरं झाली, नमस्कार-ओळख झाली, आणि विभक्ती सुरू झाल्यावर एकेक जण गळायला लागला. आता तिघं उरलात. गट चालू ठेवायचा की ज्याने त्याने आपापलं बघायचं?

चालू ठेवा. आमच्या गटाचंही याच वळणावर असंच झालं होतं. सुरुवातीला नऊ जण होतो, आता चौथं वर्ष चालू आहे आणि पाच उरलो आहोत. पाचही जण रशियन बातम्या ऐकतो, छोट्या कथा मुळातून वाचतो, आणि थांबत-थांबत का होईना, अर्धा तास रशियनमध्ये गप्पा मारू शकतो. आम्ही तरलो ते एका बदलामुळे. रशियन इंग्रजीतून शिकणं सोडलं आणि मराठीतून शिकायला लागलो.

हे सविस्तर सांगते, कारण तुमची गाडी इथेच रुतली आहे असं वाटतं. आम्ही सगळे मराठी, पण पुस्तक इंग्रजी, व्हिडिओ इंग्रजी, त्यामुळे एकमेकांना समजावतानाही आम्ही 'डेटिव्ह', 'जेनिटिव्ह', 'इन्स्ट्रुमेंटल' असेच शब्द वापरायचो. तक्ते पाठ होते, वाक्य मात्र बनत नव्हतं. एका संध्याकाळी 'म्न्ये खोलदना' या वाक्यावर घोडं अडलं. इंग्रजीत त्याचा अर्थ 'मी थंड आहे' असा दिला होता, मग 'मी'साठी 'या' न येता 'म्न्ये' का येतं, यावर वाद चालला होता. आमच्यातल्या एक बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या बराच वेळ गप्प होत्या. माइक चालू करून म्हणाल्या, "अहो, हे तर 'मला थंडी वाजते'. चतुर्थी आहे ही. म्न्ये म्हणजे मला."

त्यानंतर सगळे एकदम बोलायला लागलो. म्न्ये न्रावित्सा, मला आवडतं. म्न्ये झाल्य, मला वाईट वाटतं. म्न्ये नूझ्ना, मला हवं आहे. जे आपण दिवसभर बोलतो तेच समोर होतं. मराठीत जे 'मला' होतं, वाटतं, आवडतं, ते रशियनमध्येही बहुतेक वेळा 'म्न्ये'च असतं. इंग्रजीच्या वाटेने जाऊन आम्ही आपल्याच घरात पत्ता विचारत फिरत होतो.

त्या दिवसापासून प्रत्येक नियमाला आधी मराठीत शोधायचं असं ठरलं. 'ऊ मिन्या येस्त्य क्निगा' म्हणजे 'माझ्याकडे पुस्तक आहे'. 'बाळगणे' अशा अर्थाचं क्रियापद रोजच्या बोलण्यात इथेही लागत नाही आणि तिथेही. 'एता मोय ब्रात' म्हणजे 'हा माझा भाऊ', दोन्हीकडे 'आहे' नसलं तरी वाक्य पूर्ण होतं. सहा विभक्तीही ओळखीच्या निघाल्या: प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी. पंचमी वेगळी नाही, तिचं काम षष्ठी करते, म्हणून 'मॉस्कोहून' म्हणताना 'मस्क्वा'चं 'इझ मस्क्वी' होतं. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामानंतर लागतात, त्यांची अव्ययं नामाच्या आधी उभी राहतात आणि नामाचा शेवट बदलतो, एवढाच फरक लक्षात ठेवायचा. ज्याने 'घोडा, घोड्याला, घोड्यावर' असं सामान्यरूप रोज वापरलंय त्याला नामाचा शेवट बदलण्याची भीती वाटायचं कारण नाही.

मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो द्वितीयेचा नियम समजला तेव्हा. पुस्तकात लिहिलं होतं की पुल्लिंगी नाम निर्जीव असेल तर कर्म म्हणून बदलत नाही, सजीव असेल तर षष्ठीचं रूप घेतं. 'या वीझू स्तोल', पण 'या वीझू ब्राता'. अपवाद म्हणून पाठ करत बसलो होतो. मग कुणीतरी मराठीत म्हणून पाहिलं: मी टेबल पाहते, मी भावाला पाहते. टेबलाला 'ला' लागत नाही, भावाला लागतो! सजीव-निर्जीव हा भेद आपण लहानपणापासून न चुकता पाळत आलोय.

क्रियापदांच्या जोड्यांचंही तसंच. 'चितात्य' आणि 'प्रचितात्य' या दोन्हींचा अर्थ शब्दकोशात 'वाचणे' असा दिसतो आणि माणूस हैराण होतो. 'पुस्तक वाचत होते' आणि 'पुस्तक वाचून काढलं' असं म्हणा, झालं. 'पिसात्य' म्हणजे लिहिणं, 'नपिसात्य' म्हणजे लिहून काढणं. सगळ्या जोड्या इतक्या सरळ बसत नाहीत, पण पहिली शंभर वाक्यं या आधाराने निभावतात.

आता मराठी कुठे फसवते तेही सांगते, कारण गटात या चुका एकमेकांना पटकन लागतात. लिंगं दोन्हीकडे तीन, भूतकाळाच्या रूपात 'ल' दोन्हीकडे, आणि तो लिंगाप्रमाणे बदलतोही दोन्हीकडे. पण आपल्याकडे 'तो गेला', आणि त्यांच्याकडे 'ला' बाईसाठी. 'या चिताला' हे मी म्हणायचं, पुरुषाने 'या चिताल' म्हणायचं. आमच्या गटातले तिघे पुरुष कितीतरी दिवस 'चिताला' म्हणत राहिले, कारण मराठी कानाला 'ला' पुरुषीच वाटतो. नामांचंही तेच: 'आ'ने संपणारं 'क्निगा' स्त्रीलिंगी, आणि 'ओ'ने संपणारं 'अक्नो', म्हणजे खिडकी, नपुंसकलिंगी. उपाय एकच सापडला. नाम कधीच एकटं पाठ करायचं नाही, 'मया क्निगा', 'मयो अक्नो' असं 'माझी, माझं' जोडूनच म्हणायचं.

अक्षरांवर फार वेळ घालवू नका. एकूण ३३ आहेत, दोन आठवड्यांत येतात. रोमन लिपीसारखी दिसणारी अक्षरं तेवढी चकवतात. रशियात उपाहारगृहाच्या पाटीवर 'रेस्टोरान' लिहिलेलं असतं, ते इंग्रजी डोळ्यांना 'पेक्टोपाह' असं दिसतं. हाताने लिहिणं मात्र टाळू नका. छापील 'त' हाताने लिहिला की इंग्रजी 'एम'सारखा होतो, आणि 'लिशीश' असा एखादा शब्द आला तर कागदावर नुसत्या लाटा दिसतात. आम्ही दर आठवड्याला वहीचं एक पान कॅमेऱ्यासमोर धरतो आणि दुसऱ्याने ते वाचायचं. वाचता आलं नाही तर लिहिणाऱ्याने पुन्हा लिहायचं.

आणखी एक नियम कडक ठेवा: तिसऱ्या आठवड्यापासून गटाच्या चॅटवर रशियन शब्द फक्त रशियन लिपीत. मी इथे देवनागरीत लिहितेय ते या उत्तरापुरतं, आणि तेही ओढूनताणून बसवलेलं आहे. ही सवय वहीत शिरली की उच्चार कायमचे बिघडतात.

उच्चारावरून आमची मोठी चूक झाली होती ती सांगते. रशियनमध्ये आघात, म्हणजे बोलताना पडणारा जोर, नसलेला 'ओ' हा 'अ'कडे झुकतो. लिहायचं 'मोलोको', म्हणायचं 'मलाको', म्हणजे दूध. लिहायचं 'खोरोशो', म्हणायचं 'खराशो', म्हणजे छान. आम्ही दोन महिने लिहिलंय तसंच म्हणत होतो, आणि सगळेच तसं म्हणत असल्यामुळे कुणालाच खटकत नव्हतं. मग वर्गणी काढून एका रशियन शिक्षिकेचा एक तास घेतला. तिने दहा सोपे शब्द सांगितले आणि म्हणाली, लिहा. सगळे शब्द आम्हाला येत होते, तरी माझे तीनच बरोबर आले. ती बोलत होती ती भाषा आम्ही कधी ऐकलीच नव्हती. गटाचा खरा धोका हा आहे: चार जणांनी एकच चूक केली की तिला नियमाची प्रतिष्ठा मिळते.

म्हणून नवीन शब्द कुणीही आणला तरी आधी मूळ रशियन माणसाच्या आवाजात तो ऐकवायचा. फोर्वो या संकेतस्थळावर असे उच्चार मिळतात, आणि विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात आघाताची खूण आणि सगळी विभक्तिरूपं दिलेली असतात. आघात छापील मजकुरात दाखवत नाहीत, आणि तो हलला तर अर्थही हलतो: 'झामक' म्हणजे किल्ला, 'झमोक' म्हणजे कुलूप, लिहायला दोन्ही सारखेच. पंधरा दिवसांतून एकदा तरी रशियन बोलणाऱ्या शिक्षकाचा तास घ्या. तिघांत तो खर्च वाटला जातो.

मृदू व्यंजनांसाठी आमचा एक खेळ आहे. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने 'ऊगल' किंवा 'ऊगल्य' यांपैकी एक म्हणायचं. पहिला म्हणजे कोपरा, दुसरा म्हणजे कोळसा. फरक फक्त शेवटच्या 'ल'चा, जीभ टाळूला किती चिकटते त्याचा. ऐकणाऱ्याने अर्थ सांगायचा. मग 'ब्रात' आणि 'ब्रात्य', भाऊ आणि घेणे. पहिल्या दिवशी अर्ध्याहून अधिक उत्तरं चुकली, महिनाभराने क्वचित चुकायची. हे आरशासमोर एकट्याला जमत नाही, समोर ऐकणारं कुणीतरी लागतं.

यावरून वेळेचा हिशोब कसा मांडायचा ते कळेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना रशियन शिकवायला ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास धरते. आमचा गट आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं भेटतो, म्हणजे वर्षाचे साधारण शंभर तास. फक्त तेवढ्यावर बसलो असतो तर अकरा वर्षं लागली असती. मराठी येत असल्यामुळे व्याकरणाची काही चढण कमी होते, शब्दांची होत नाही. रशियन भाषेच्या प्रमाण परीक्षेत सर्वांत खालच्या पायरीलाच सुमारे ७८० शब्द लागतात, पुढच्या पायरीला १३००. ते ज्याचे त्याने रोज घरी पाठ करायचे. एकट्याला जे करता येतं ते गटात करायचं नाही. व्याकरणाचा धडा सगळ्यांनी मिळून वाचत बसणं हे गट मरण्याचं पहिलं लक्षण आहे. गटाचा वेळ बोलणं, ऐकणं, श्रुतलेखन आणि एकमेकांच्या चुका पकडणं यासाठीच राखा.

शब्दांवरून आठवलं, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रशियन नातेवाचक शब्दांत 'स्नखा' म्हणजे सून, आपली स्नुषा. 'द्येविर्य' म्हणजे दीर, संस्कृतातला देवर. 'व्दवा' म्हणजे विधवा, 'अगोन्य' म्हणजे अग्नी. ही सगळी एकाच जुन्या मुळातून आलेली सख्खी भावंडं आहेत. आम्ही असे शब्द एका सामाईक यादीत लिहित गेलो आणि ते कधी पाठ करावे लागले नाहीत.

गट चालवण्याबद्दल थोडंसं. पाळी ठेवा. ज्याची पाळी त्याने एक छोटा मुद्दा तयार करून बाकीच्यांना मराठीत शिकवायचा. समजावून सांगताना आपलं आपल्यालाच कळतं की कुठे कच्चं आहे. बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत चूक दाखवायची नाही. आमच्यातली एक मुलगी फक्त सतत टोकल्यामुळे सोडून गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या दिवशी भेट नाही त्या दिवशी प्रत्येकाने एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा, आज काय केलं एवढंच. चॅटवर लिंकांचा ढीग होऊ देऊ नका. लोक साहित्य गोळा करण्यालाच अभ्यास समजायला लागतात. आणि जे गेले त्यांच्यावर राग धरू नका. आमच्याकडे गेलेल्यांपैकी एक जण आठ महिन्यांनी परत आला, आणि आज तोच सगळ्यांत नियमित आहे.

तिघं कमी नाहीत. चाळीस मिनिटांच्या भेटीत तिघांत प्रत्येकाला बोलायला तेरा मिनिटं मिळतात, सातांत सहासुद्धा मिळत नव्हती. सहा विभक्ती प्रत्येकी दोन अशा वाटून घ्या. चतुर्थी ज्याच्या वाट्याला येईल त्याने पुढच्या भेटीला सुरुवात करावी, आणि पहिलं वाक्य 'म्न्ये खोलदना' घ्यावं.