मतं खाणारा उमेदवार आणि सेंट लुईसची मतपत्रिका

प्रश्न : दादा नमस्कार, माझा भाचा अमेरिकेत सेंट लुईसला असतो, आता तिथला नागरिक झालाय. तो सांगतोय की महापौराच्या पहिल्या फेरीत त्यानं दोघांना मत दिलं आणि मत बाद झालं नाही. आमच्या सोसायटीला एक शिक्का जास्त पडला तरी चिठ्ठी बाद. पोरगं मला येड्यात काढतंय का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : नाय हो, खरं सांगतंय पोरगं. तिथं पहिली फेरी असते तिला प्रायमरी म्हणतात, आपल्याकडं तिकीट पक्ष ठरवतो तिकडं ते लोकच ठरवतात असं धरा. सेंट लुईसमध्ये डेमोक्रॅट पक्षाचं एवढं प्राबल्य की पूर्वी त्यांची प्रायमरी जिंकला तो महापौर झालाच म्हणायचं. आता 2017 चं बघा, त्या प्रायमरीत गर्दी झाली, मतं फुटली आणि लायडा क्रूसन साधारण 32 टक्क्यांवर जिंकल्या, तिशौरा जोन्स 30 टक्क्यांवर राहिल्या, फरक 888 मतांचा! म्हणजे दर तिघांतल्या दोघांनी दुसऱ्याच कुणालातरी मत दिलेलं. कुणी कुणाची मतं खाल्ली हा हिशोब आपल्याला काय नवा नाही, आपल्याकडं तर मतं खायला मुद्दाम उभा करतात आणि माघारीच्या दिवशी त्याच्या घरी चकरा मारतात.

मग नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या लोकांनी 68 टक्के मतांनी नियमच बदलला. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, सगळे उमेदवार एकाच यादीत, आणि जे जे चालतील त्या सगळ्यांवर खूण करायची, कितीही. सगळ्यात जास्त खुणा मिळालेले दोघं पुढं जातात आणि एप्रिलात त्या दोघांत सरळ लढत, तिथं मात्र एकालाच मत. मार्च 2021 ला पहिल्यांदा असं झालं. चार जण उभे होते, जोन्स 57 टक्के, कॅरा स्पेन्सर 46, बाकी दोघं 39 आणि 14. बेरीज करून बघा, 156 येते, चूक नाहीये, माणशी सरासरी दीड खूण पडली एवढाच अर्थ. एप्रिलात जोन्स 52-48 नं जिंकल्या, आणि 2025 ला त्याच दोघी समोरासमोर आल्या तर स्पेन्सरनी त्यांना पाडलं.

प्रश्न : पण नुसत्या दोन फेऱ्या घेतल्या तरी चालेल की, एवढ्या खुणा कशाला?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कॅलिफोर्नियात तसंच आहे, सगळे एका यादीत पण मत एकच, पहिले दोन पुढं. 2012 ला तिथल्या खासदारकीच्या 31 व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन उभे राहिले. चौघांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि दोन्ही रिपब्लिकन पुढं गेले, आणि नोव्हेंबरात त्याच मतदारसंघात अध्यक्षपदासाठी बहुमत मात्र डेमोक्रॅट ओबामांना. खुणा कितीही करता आल्या असत्या तर त्या चौघांपैकी एखादा वर येऊ शकला असता.

प्रश्न : आपल्याकडं होईल का हे? आणि कार्यकर्ते तर सांगणारच, फक्त आपल्यालाच मारा म्हणून.
— एक वाचिका, वाळवा

उत्तर : ताई, बरोबर दुखणं पकडलंत. दुसऱ्यालाही खूण केली तर आपलाच माणूस मागं पडेल ही भीती तिथंही असतेच, त्यावर औषध नाही. आमदारकी, नगरपालिकेला हे आणायचं तर कायदाच बदलावा लागेल. सांगली महापालिकेच्या प्रभागात चार मतं देतो आपण, पण ती चार वेगळ्या जागांची, एका जागेला एकच, त्यामुळं ते हे नव्हे. आणि आणलं तरी टिकेल याचा भरवसा नाही, अमेरिकेतल्याच नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो गावानं 2018 ला ही पद्धत घेतली आणि 2025 ला राज्य सरकारनं कायदा करून बंद पाडली.

घरगुती कामाला मात्र खुशाल वापरा. आमच्या वाचनालयाची सहल ठरेना, 15 जण. एकेक मत घेतलं तर गणपतीपुळे 6, पंढरपूर 5, अक्कलकोट 4, म्हणजे निघालो कोकणात आणि नऊ जणांची तोंडं वाकडी. मग चालेल त्या सगळ्यांवर खुणा करायला लावल्या. चार उभ्या एक आडवी असं फळ्यावर मोजलं तर पंढरपूर 11, अक्कलकोट 10, गणपतीपुळे 7. वरच्या दोघांत हात वर करून अक्कलकोट 8-7. बचत गटात करणार असाल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा की आवडतील तेवढ्यांवर खूण करा, आमच्याकडं नुसतं तोंडी सांगितलं होतं तर निम्म्यांनी सवयीनं एकच खूण करून घडी घातली आणि चिठ्ठ्या परत वाटाव्या लागल्या.