बोर्डाच्या भिंतीवरची बुरशी: पुसायची की कापायची?

प्रश्न: बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत जिप्सम बोर्डाची आहे. खालून वीतभर फुगली आहे, रंगाचे पापुद्रे सुटतात, काळे ठिपके दिसतात. ब्लीचने पुसून दोनदा रंग दिला, तरी ठिपके परत येतातच. काय करावे?

उत्तर: जिप्सम बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद असतो; बुरशी पोसली जाते ती त्या कागदावर. ब्लीचमधले पाणी कागद पिऊन टाकतो आणि आतली बुरशी तशीच राहते. फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही; तो कापूनच काढायचा.

आधी पाण्याचा माग काढा. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहा. काटा फिरत असेल तर पाइप गळतोय. फिरत नसेल आणि आंघोळीनंतरच ओल वाढत असेल, तर फरशांचे सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप तपासा. गळती थांबल्याशिवाय भिंतीला हात लावू नका.

मग वीज बंद करा, एन-९५ मास्क लावा, दाराला प्लास्टिक बांधा. डागाच्या पुढे ३० सेंमीपर्यंत बोर्ड कापा; पाते उथळ ठेवा, मागे वायर असते. आत भरलेली ग्लासवूल (काचतंतूंची गादी) भिजली असेल तर ती फेकूनच द्या. बोर्डामागचा सांगाडा साबणाच्या पाण्याने घासून पुसा आणि उघडाच ठेवा. घाई नेमकी इथेच होते. लाकडी सांगाडा असेल तर लाकडातली ओल मॉइश्चर मीटरवर १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय बंद करू नका. पंखा लावायचा तो बुरशीचा बोर्ड बाहेर गेल्यावरच, नाहीतर बीजाणू घरभर उडतात.

नवा बोर्ड जुन्याच जाडीचा घ्या. जमिनीपासून १० मिमी वर ठेवा. टेकला की फरशीवरचे पाणी वर ओढतो. स्क्रू ३०-३० सेंमीवर, डोके कागद न फाटता किंचित आत. सांध्यावर टेप आणि जॉइंट कंपाउंडचे (सांधे भरायच्या लुकणाचे) तीन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद आणि आधीचा पूर्ण वाळल्यावरच. जुन्या बोर्डावर डाग उरला असेल तर डाग रोखणारा प्रायमर लावा. साध्या पाण्याच्या प्रायमरमधून तो पुन्हा उमटतो.

प्रश्न: गळती नाही, तरी कपाटामागे बुरशी येते. का?

उत्तर: बाहेरची भिंत थंड असते आणि कपाटामागे हवा खेळत नाही, त्यामुळे तिथे दमट हवेचे पाणी होते. कपाट ५ ते ८ सेंमी पुढे ओढा. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारे यंत्र) ठेवा, आर्द्रता ६० टक्क्यांखाली हवी. आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा अर्धा तास चालू द्या, आणि त्याचे तोंड घराबाहेर उघडते ना, तेही बघा. छताच्या पोकळीत सोडलेली वाफ तिथेच नवी बुरशी पोसते.