खोक्यातलं पितळ आधी बाहेर काढ

मिनियापोलिसहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. प्रश्न चार आहेत. मी एकालाच धरून बसणार, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच.

ती लिहिते, “घर मोठं आहे, पण सगळं पांढरं नाहीतर करडं. नजर कुठे ठरतच नाही. भारतातून शिसवी झोपाळा मागवावा म्हणतेय.” आणि तिसऱ्या पानावर, जाता जाता: “सासूबाईंनी दिलेली पितळेची भांडी गॅरेजमध्ये खोक्यात आहेत. काळी पडलीत, त्यांचं काय करू?”

अगं, झोपाळ्याला समुद्र ओलांडायला लावतेस आणि घरातलं सोनं गॅरेजमध्ये! तुला एकटीला कशाला बोलू म्हणा. आमच्या हॅमिल्टनच्या घरीही आईचा डबा अकरा वर्षं माळ्यावर होता. ‘इथे कुठे घासत बसायचं’ हेच माझंही पालुपद. एकदा सहज उघडला, तर झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली अक्षरं: आईचं माहेरचं नाव, ‘मामाकडून’ आणि १९६८. मी तिथेच फतकल मारून बसले.

तर आधी भांडी खाली आण. चिंच भिजव, मीठ घाल, चोळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्याच्यावर हवेनं धरलेला काळा थर चिंचेच्या आंबटपणात सुटतो. पिळून झालेली लिंबाची सालही चालते. मग खळखळून धू आणि लगेच कोरडं पूस. ओलं ठेवलंस की डाग आलेच. आणि अगदी आरसा करू नकोस. खोबणीतला थोडा काळेपणा राहू दे, नक्षी त्यानंच उठून दिसते. सासूबाई हे ऐकून घेणार नाहीत, माझ्याही घेत नाहीत.

पण घासून शोकेसमध्ये ठेवणार असशील, तर राहू दे खोक्यातच. रोज हात लागला पाहिजे. डब्यात पोहे भर, तांब्यात दोन डहाळ्या खोच, परातीत लिंबं ठेव. संध्याकाळी चारला अंधारून येतं तेव्हा त्या पिवळ्या परातीवर दिव्याचा उजेड पडलेला बघ, मग भिंतींच्या रंगाबद्दल मला लिही. दोन गोष्टी सांभाळ. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, आमटी, टोमॅटो नको, कळकेल. आणि इंडक्शनच्या शेगडीवर नुसतं पितळ तापत नाही. आमच्या ह्यांनी अर्धा तास वाट पाहून ते सिद्ध केलंय.

“सहा महिने खिडकीबाहेर नुसता बर्फ” असंही म्हणतेस. नुसता? व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्यानं १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. तुला कॅमेराही नको. काळी शाल अंगणात गार होऊ दे, तिच्यावर भुरभुर झेल आणि लेकाला भिंग दे. सहा पाकळ्यांची रांगोळी दिसेल. आणि दसऱ्याला आपटा नाही म्हणून हळहळू नकोस. जवळपास गिंकोचं झाड शोध, त्याचं पानही पुष्कळदा आपट्यासारखं मधोमध दुभंगलेलं असतं. आम्ही तेच वाटतो.

आता उरलेलं. मुलगा आजीशी इंग्रजीत बोलतो? त्याला चिंच घेऊन आजीशेजारी बसव, व्हिडिओ कॉलवर का होईना. नवरा मदत करत नाही? परात जड असते, त्याला उचलायला सांग. नणंदेच्या प्रश्नात मी पडत नाही.

आणि पुढच्या भारतवारीत कल्हई उडालेलं पातेलं बॅगेत टाक. तेवीस किलोंत बसत नाही म्हणू नकोस. जाताना अर्धी बॅग चॉकलेटांचीच असते. येताना पातेल्याच्या पोटात मेतकुटाच्या पुड्या मावतात.