फ्रिजवरची पाकिटं

प्रिय मावशी,

आम्ही चार वर्षांपूर्वी नाशिकहून थायलंडमधल्या रायोंगला आलो. नवरा इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याच्या ऑफिसातले बाकीचे लोक सी राचाला टॉवरमध्ये राहतात. आम्ही हौसेनं अंगणवालं घर घेतलं आणि फसलो. घरामागेच देऊळ आहे, इथे त्याला ‘वाट’ म्हणतात. वर्षभर काही ना काही चालूच असतं. एप्रिलमध्ये सोंगक्रान (थाई नववर्ष, एकमेकांवर पाणी उडवायचा सण), ते संपता संपत नाही. नोव्हेंबरमध्ये लॉय क्राथोंगचे (पाण्यात दिवे सोडायच्या सणाचे) फटाके. मधूनच कधीतरी संध्याकाळी सातला एकसुरी पठण सुरू होतं, ते सलग पाच-पाच दिवस. आणि आता मुलं भिक्षू होतात त्यांच्या मिरवणुकांचा सीझन. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, सकाळी उजाडायच्या आत ढोल, आणि आदल्या दिवशी माइकवर एक माणूस तासन् तास काय बडबडतो देव जाणे. गल्लीत मांडव घालतात, गाडी बाहेर निघत नाही. नवऱ्याची रात्रपाळी, मुलीचं दहावीचं वर्ष. वर या लोकांना वर्गणीही हवी असते. शेजारच्या पा (वयस्कर बाईंना इथे असंच म्हणतात) फाटकाला पाकिटं अडकवून जातात. त्यावर थाईत आमचं नाव असतं असं कामवाली म्हणते. तीन-चार झाली, फ्रिजवर पडली आहेत. आता पुढच्या आठवड्यात त्यांच्याच घरी मुलगा भिक्षू होणार म्हणून दोन दिवस कार्यक्रम आहे.

मला हा देश आवडतो. माणसं इतकी गोड आहेत की तक्रार करतानाही अपराधी वाटतं. पण मी खरंच थकले आहे. नगरपालिकेत तक्रार करू? घर बदलू? नवरा म्हणतो, ते दोन दिवस हॉटेलात काढू. काय करू?

– कान किटलेली, रायोंग

अगं कान किटलेले,

आवाजावर तू पानभर लिहिलंस आणि पाकिटांवर चार ओळी. मी त्या चार ओळींवरच बोलणार आहे.

वर्गणी कशी मागतात ते नाशिकच्या मुलीला मी सांगायला नको. दारात पाच पोरं उभी राहतात, पावतीवर आकडा आधीच टाकलेला असतो, आणि तू कमी दिलेस की तोंडं वाकडी होतात. पांनी यातलं काय केलं? फाटकाला रिकामं पाकीट अडकवलं. त्यावर आकडा नाही, तुझं नाव आहे. तुझ्या भाषेतलं परकं नाव कुणाला तरी विचारून त्यांनी आपल्या लिपीत बसवलं. मागायला आल्या नाहीत, ‘दिलं का नाही’ म्हणून टोकलं नाही. आणि पुढच्या वेळी पुन्हा पाकीट अडकवलं.

बाई गं, ती आमंत्रणं आहेत.

माझीही काही वर्षं त्याच किनाऱ्यावर, चोनबुरीत गेली आहेत, म्हणून खात्रीनं सांगते. दीक्षेच्या पाकिटासोबत सहसा छापील कार्ड असतं. मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, देवळाचं नाव, केस कधी उतरवणार, जेवण किती वाजता, मिरवणूक कधी निघणार, असं सगळं त्यात असतं. आपण पाकिटात जमेल तेवढे पैसे घालायचे, वर आपलं नाव लिहायचं आणि जाताना घेऊन जायचं. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं, आपल्या लग्नात आहेराची वही घेऊन आत्या बसते ना, अगदी तसंच. ज्याच्या घरचं कार्य त्याच्या पदरात सगळी गल्ली थोडं थोडं घालते, आणि उद्या तुझ्या घरी काही निघालं की तीच माणसं येतात. हा व्यवहार तुला त्यांनी चार वर्षांपूर्वीच खुला करून दिला आणि तू तो फ्रिजवर ठेवलास.

आता त्या ‘बडबडणाऱ्या’ माणसाबद्दल. दीक्षेच्या आदल्या दिवशी ‘थाम ख्वान’ नावाचा विधी असतो. दीक्षा घेणाऱ्या मुलाला तिथे नाग म्हणतात. त्याचे केस आणि भुवयासुद्धा उतरवलेल्या असतात, अंगावर पांढरं वस्त्र असतं, आणि त्याच्यासमोर एक गाणारा बसतो. तो अर्धं म्हणून, अर्धं गाऊन काय सांगतो? या मुलाला आईनं पोटात कसं वाढवलं, काय काय खायचं सोडलं, बाळंतपणात काय सोसलं, रात्री कशा जागून काढल्या. मांडवात बसलेल्या बायका पदराला नाही तरी बाहीला डोळे पुसत असतात, आणि ज्याची भुवईसुद्धा उरलेली नाही असा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा हुंदके देतो. स्पीकरचा आवाज बेसुमार असतो, हे मला मान्य आहे. पण तू चार वर्षं भिंतीपलीकडून जे ऐकते आहेस, त्यातलं बरंचसं आईचं बाळंतपण आहे. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू कुणाला विचारलंच नाहीस.

स्पीकरवरून आणखी एक गोष्ट चालते, ती म्हणजे नावं. कुणी किती दान दिलं ते वाचून दाखवतात. आपल्याला यात बडेजाव दिसतो आणि थोडा असतोही. पण मागे एक समजूत आहे. दुसऱ्यानं केलेलं पुण्य कानावर पडलं आणि आपण आनंदानं ‘साधु’ म्हटलं, की त्यात आपलाही वाटा पडतो. म्हणजे तो कर्णा तुझ्या घराकडे तोंड करून लावलेला असतो, त्याचं कारण तुझ्यावर सूड उगवायचा असतो असं नाही. आपल्याकडच्या बौद्ध वस्तीत वाढलेल्या कुणालाही हे नवीन नाही. हा सीझन आत्ताच का आला, हेही तिथे पोरंटोरं सांगतील. आषाढी पौर्णिमा झाली की वर्षावास लागतो, भिक्षू तीन महिने एका ठिकाणी राहतात, आणि त्याआधी दीक्षा उरकायच्या म्हणून मे ते जुलै अशी गर्दी उडते. नागपुरात ज्याला कठिण चीवरदान (वर्षावास संपल्यावर भिक्षूंना चीवर, म्हणजे त्यांचं वस्त्र, देणं) म्हणतात, तेच तुझ्या मागच्या देवळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतं, आणि त्याची मुदत संपते ती लॉय क्राथोंगच्या पौर्णिमेला. त्या दिवसाचे फटाके तू मोजलेस, बाकी काही पाहिलं नाहीस.

आणि ते संध्याकाळी सातचं एकसुरी पठण, सलग पाच दिवसांचं? ते फेस्टिव्हल नव्हे गं. माणूस गेल्यावर तीन, पाच नाहीतर सात रात्री देवळात असं पठण होतं आणि मग दहन. तुझ्या पत्रात ते सोंगक्रान आणि फटाक्यांच्या मधोमध बसलं आहे. गल्लीतलं कोण गेलं, हे तुला ठाऊक आहे का?

तुला वाटलं असेल, मावशी आता ढोल-ताशाची आठवण करून देणार, ‘आपल्या गणपतीत काय कमी आवाज असतो’ म्हणणार. नाही म्हणणार. आपल्याकडे डीजेच्या भिंतीपुढे म्हातारी माणसं कापूस घालून बसतात, ते मला चालत नाही, आणि रायोंगमध्येही चालत नाही. युनेस्कोनं 2023 मध्ये सोंगक्रानला वारसा म्हटलं म्हणून तुझ्या काचा थरथरायच्या थांबत नाहीत. कॅलेंडरवर सण 13 ते 15 एप्रिल असतो, पण तुमच्या त्या किनाऱ्यावर ‘वान लाय’च्या नावानं गावोगावी पुढे ओढतात, पट्टायात तर 19 तारखेपर्यंत. तो आवाज आहे, त्रास आहे, त्यावर माझं दुमत नाही. कापसाचे बोळे विकत घे, सोंगक्रानला चार दिवस च्यांग माईला पळायचं असेल तर पळ (तिथे खंदकाकाठी याहून जास्त भिजशील, पण ते असो). पण तू सल्ला मागते आहेस तो सणासाठी नाही, पांच्या घरच्या दोन दिवसांसाठी. तिथे माझं उत्तर वेगळं आहे.

तक्रार करायचा विचार सोडून दे. 2018 साली बँकॉकच्या बांग खो लेम भागात वाट साय नावाच्या देवळातल्या पहाटेच्या घंटेबद्दल शेजारच्या उंच इमारतीतून तक्रार गेली. तिथल्या सरकारी कार्यालयानं देवळाला पत्रही पाठवलं, आवाज कमी ठेवा म्हणून. देशभर लोक उसळले ते घंटेवर नाही, तक्रारीवर. देऊळ आधीपासून होतं, इमारत नंतर आली, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. तू तर परदेशी, आणि तुझं नाव गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते वर सांगितलंच.

आणि हॉटेलची कल्पना मला तक्रारीहूनही वाईट वाटते. नवऱ्याला सांग, मावशी रागावली. मुलाच्या दीक्षेचा दिवस त्या बाईच्या आयुष्यात काय असतो, तुला कल्पना आहे? थायलंडच्या अधिकृत संघात बाईला भिक्षुणी होता येत नाही. 1928 साली संघराजांनी (तिथल्या भिक्षुसंघाच्या प्रमुखांनी) मनाई केली ती अजून उठलेली नाही. (माझ्या मते कधीच उठायला हवी होती, पण तो आजचा विषय नव्हे.) त्यामुळे आईचं सगळं पुण्य या एका दिवसात येऊन साठतं. मुलाच्या काषाय वस्त्राचा पदर धरून आई स्वर्गाला जाते, असं तिथे म्हणतात. मिरवणुकीत ते चीवर हातात घेऊन तीच चालते. त्या वेळी भिंतीला भिंत लागून असलेलं घर कुलूप लावून बसलेलं तिला दिसावं, असं तुला वाटतं? तिच्यावर राग असता तर मी समजले असते. पण तू तर म्हणतेस, माणसं गोड आहेत. चार वर्षांत या गोड माणसांशी तू नेमकं काय बोललीस, तेवढं मात्र पत्रात कुठे आलं नाही.

तेव्हा एकच काम सांगते. फ्रिजवरून या वेळचं पाकीट काढ. उघड, आतलं कार्ड कामवालीकडून वाचून घे. दोनशे-तीनशे बाट पुरतात, तू भिंतीची शेजारीण आहेस, पाचशे घाल. वर तुमचं नाव लिही, इंग्रजी अक्षरांत चालेल. आणि कार्यक्रमाची वाट न बघता आज संध्याकाळी स्वतः पांच्या हातात दे, हात जोड, ‘आम्ही येतो’ म्हण. एवढं थाई तुला चार वर्षांत येत असेलच. नसेल तर मुलीला येतं, तिला पुढे कर.

केस उतरवायच्या वेळी जा, निव्वळ जेवायला जाऊ नकोस. आधी आईवडील, मग वडीलधारे, मग बाकीचे अशी एकेक बट कात्रीनं कापतात. तुझ्या हातातही कात्री देतील, लाजू नकोस. फिक्या रंगाचे कपडे घाल. भिक्षूंना हात लागू देऊ नकोस, काही द्यायचं असेल तर नवऱ्याकरवी दे. जेवणात काय घातलंय याची धास्ती असेल तर ‘जे’ म्हण, शाकाहार त्यांना चांगला कळतो, आणि अगदीच काही नसेल तर भात आणि कलिंगड खाऊन ये. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत ट्रकच्या मागे न राहता पुढे नाचणाऱ्या बायकांत जा. तिथे स्पीकर पाठीशी येतो आणि कान जरा वाचतात, हे अनुभवाचं आहे. उपोसथ मंदिराला (जिथे दीक्षा देतात ते) तीन प्रदक्षिणा होतात, मग नाग दारातून रंगीत फितीत गुंडाळलेली नाणी उधळतो. मुलीला तिथे पुढे उभी कर.

रात्री मुलीला अभ्यास करायचा असेल तर तेही पांनाच सांग, पण पाकीट दिल्यानंतर. ‘दहानंतर स्पीकरचं तोंड पलीकडे कराल का?’ एवढंच विचार. करतील का याची हमी मी देत नाही. पण ओळखीच्या शेजारणीनं विचारणं आणि नगरपालिकेच्या कागदानं विचारणं यातला फरक तुला नाशिकच्या वाड्यात कुणी शिकवला नसेल असं मला वाटत नाही.

जुन्या पाकिटांच्या तारखा उलटल्या. ती पांना परत नेऊन देऊ नकोस, त्यांना उगाच संकोच होईल. त्यात घालायचे राहिलेले पैसे देवळातल्या दानपेटीत टाक, आणि जाता-येता ते देऊळ एकदा आतून बघ.

नवऱ्याला म्हणावं, रात्रपाळी बदलून घे आणि ये. गोल टेबलाशी बसवून त्याच्या ग्लासात कुणीतरी बर्फ टाकेल, त्याची कुरकुर तिथेच संपेल. गाडी मात्र आदल्या दिवशी सकाळीच मोठ्या रस्त्यावर नेऊन लावा, दुपारपासून मांडववाले गल्ली अडवतात.

– मावशी