छपरीतली मंडळी

प्रश्न : आमच्या गावात ख्रिस्ती घरं सातच. चर्च तालुक्याला, 22 किलोमीटरवर, अन् कापूस वेचणीत रविवारही कामाचाच. म्हणून आम्ही बुधवारी रात्री आमच्या छपरीत जमतो. वचन वाचतो, खंजिरीवर भजनं म्हणतो. बाप्तिस्मा न घेतलेल्या दोन-तीन बायाही येतात. चर्चचे एक पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, ‘पाळक नाही तर ती मंडळी (चर्च) नव्हे.’ तेव्हापासून धाकधूक लागली आहे.
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, धाकधूक सोडा, बुधवार सोडू नका. पाळक असताना मीही एका गावात हेच सुनावून निघालो होतो. वेशीबाहेर सायकल पंक्चर झाली. ज्यांना बोललो, त्यांच्याच घरी ज्वारीची भाकर अन् झुणका खाऊन रात्र काढली. पुन्हा तसं बोललो नाही.

बायबलात प्रेषित पौल रोमकरांस पत्र लिहिताना प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो. सीरियात दुरा-युरोपोस इथे उत्खननात इ. स. 240 च्या सुमाराचं एक घर निघालं. दोन खोल्यांमधली भिंत काढून बैठक मोठी केलेली, शेजारी बाप्तिस्म्याचा हौद. म्हणजे छपरीच की!

त्या बायांना तर मुळीच थांबवू नका. आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, तिथून त्यांचं ख्रिस्ताकडे वळणं सुरू झालं. पुढे 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

मला काळजी वाटते ती तुम्ही न विचारलेल्या गोष्टीची. उद्या पोरीचं लग्न निघालं तर? 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावणाऱ्याला तसा अधिकार लागतो. वडीलधाऱ्याने प्रार्थना केली एवढ्याने भागत नाही. मयतीचंही पाहून ठेवा. दफनभूमी चर्चच्या ताब्यात असेल, तर ऐन वेळी कोणाच्या दारात उभं राहणार? अन् दानाचे पैसे वहीत मांडा, दोघांच्या सह्या घ्या. पैशावरून फुटलेल्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत.

तेव्हा त्या पाळकांशी वाकडं घेऊ नका. एखाद्या बुधवारी जेवायला बोलवा, प्रभुभोजन (भाकर अन् द्राक्षरसाचा विधी) छपरीतच द्या म्हणा. नाही म्हणाले तर मला पत्र टाका, मी येतो. सायकल आता जमत नाही, तेवढी एसटीची वेळ कळवा.