आशाताई आल्या की आत जाऊ नकोस

तुझं पत्र दोनदा वाचलं, पोरी. चंदगडकडून लग्न होऊन बेळगावच्या वडगावात आलीस, त्याला पाच वर्षं झाली. सप्टेंबर 2024 मध्ये कर्नाटक सरकारने डेंगी साथीचा रोग म्हणून जाहीर केला, गल्लीतही दोघांना झाला, तेव्हापासून पावसाळा आला की तुझी झोप उडते. डास गुणगुणला की धडधडतं, रात्री दहादा उठून लेकीच्या कपाळाला हात लावतेस. आणि विचारतेस, आत्मविश्वास कसा येईल?

शेवटी जाता जाता लिहिलंयस, 'आशाताई येतात तेव्हा मी आत जाते. मला कन्नड येत नाही, सासूबाईच बोलतात.' माझा जीव त्या ओळीत अडकला. अगं, जिला सगळं विचारता येईल ती आरोग्य कार्यकर्ती दारात उभी आणि तू चुलीपाशी! मग तुझ्या वाट्याला उरतं काय, तर गल्लीतल्या गप्पा आणि मोबाईलवरचे मेसेज.

तिला विचारलं असतंस तर कळलं असतं की डेंगीचा डास दिवसा चावतो. तू रात्र जागतेस आणि लेक दिवसभर उघड्या हातापायांनी परसात खेळते. पाणी आठ दिवसांनी येतं म्हणून तिथेच बॅरल भरलेलं असतं ना? अंड्याचा डास व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. अंडी बॅरलला आतून चिकटतात, पाणी ओतलं तरी जात नाहीत. घासावंच लागतं.

वडगावात फिरणाऱ्या आशाताईला मराठी कळत नसेल, हे मला पटत नाही. नसेलच कळत तर 'निधान हेळ्री' म्हण, सावकाश सांगा. पाच वर्षं बाजारातून भाजी आणतेस, ती काय मुक्याने?

या खेपेला सासूबाईंच्या आधी दार तू उघड. तिला परसात ने, बॅरलमध्ये मोबाईलची बॅटरी मार आणि अळ्या दाखवायला सांग. उजेड पडला की वळवळत तळाला जातात. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ताप आला तर कधी पळायचं, तेही तिच्याकडून वदवून घे. मीही सांगून ठेवते: ताप उतरला तरी पुढचे दोन दिवस जपायचं. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पोर मलूल पडलं, की तडक दवाखाना.

आणि तिचा नंबर तुझ्या मोबाईलमध्ये घे, सासूबाईंच्या नको.