१९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या हॉलिवूड भयपटातला खुनी बाहुला चकी कॉम्प्युटरशिवाय चालायचा-बोलायचा कसा?

एका बाहुल्याने ते काम झालंच नसतं. सिनेमासाठी चकी घडवणाऱ्या केव्हिन येगर यांनी त्याचे बरेच बाहुले केले आणि कामं वाटून दिली: एक बोलणारा, एक चवताळून हातपाय झाडणारा, एक नुसता पडून राहणारा. तुम्ही चालणं-बोलणं एका दमात विचारलंत, पण ही दोन कामं एकाच बाहुल्याची नाहीत.

बोलणाऱ्याच्या रबरी चेहऱ्याआड भुवया, डोळे, ओठ हलवणारी यंत्रणा होती आणि ती रिमोटवर चालायची. एका चेहऱ्यामागे अनेक माणसं, प्रत्येकाकडे चेहऱ्याचा किंवा अंगाचा एखादाच भाग. चकीला आवाज देणारे अभिनेते ब्रॅड डुरिफ यांचा आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असायचा आणि त्यावर ओठ जुळवायचे. इथे चूक लगेच पकडली जाते: 'प', 'ब', 'म' ला ओठ मिटलेच पाहिजेत. तिथे फट राहिली की आवाज बाहेरून आल्यासारखा वाटतो.

चालणं त्याहून अवघड. डोकं जड, तळवे एवढेसे, त्यामुळे तोल राहत नाही. म्हणून धावण्याचे बरेच शॉट एड गेल या तीन फूट चार इंच उंचीच्या कलाकाराने चकीचा पोशाख घालून दिले. बाहुला साधारण अडीच फुटांचा. मग गेल मोठे दिसणार! त्यावर उपाय म्हणून त्यांच्यासाठी सेट आणि सामान सुमारे ३० टक्के मोठं बांधलं. तरी मुखवट्याचा चेहरा बोलक्या बाहुल्यासारखा हलत नाही, म्हणून असे शॉट पाठमोरे, लांबून किंवा क्षणभराचे ठेवावे लागतात. पुन्हा बघाल तेव्हा फ्रेममध्ये पाय आहेत का ते तपासा. चेहरा बोलत असेल तर पाय बहुतेक दिसत नाहीत.

('झपाटलेला'तला तात्या विंचू १९९३ चा. तो बाहुला रामदास पाध्ये यांचा, आणि तोही कॉम्प्युटरशिवायच.)

पण माझ्या मते दिग्दर्शक टॉम हॉलंड यांची खरी हुशारी बाहुला न हलवण्यात आहे. जवळपास अर्धा सिनेमा चकी नुसता बसलेला दिसतो. मग ज्या मुलाचा तो बाहुला आहे त्याची आई कॅरन बाहुल्याचं रिकामं खोकं उचलते आणि त्यातून बॅटऱ्या खाली पडतात. ती बाहुल्याच्या पाठीवरचं झाकण उघडते, तर कप्पा रिकामा. तेवढ्यात त्याचं डोकं गर्रकन तिच्याकडे वळतं. त्या क्षणी पडद्यावर फक्त एक मान फिरलेली असते.